फोटो आला, पण सुतार कोणता? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सुतार पक्ष्यावर छोटं टिपण दिलं होतं आणि खाली "तुमच्याकडचे फोटो आणि प्रश्न पाठवा" अशी एक ओळ टाकली होती. मराठवाड्यातून चांगलीच पत्रं आली, त्यातली काही इथं घेतलीत. फोटो सुंदर आहेत, त्यात वादच नाही, पण बऱ्याच फोटोंत पाठीवरचं ऊन मस्त पडलंय आणि डोकं नेमकं फांदीमागं गेलंय. सुतार ओळखायचा तर डोक्याचा माथा, गळा आणि पाठ, एवढं दिसायला पाहिजे. त्यामुळं खाली काही जणांच्या झकास फोटोला "सांगता येत नाही" असं उत्तर मिळालंय आणि काहींच्या एकदम धूसर फोटोवरून नर-मादीसुद्धा सांगता आलीय, त्याचा राग धरू नका.

प्रश्न: कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला बाभळीवर सकाळी दोन पक्षी येऊलालेत. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, डोकं पिवळं. एकाच्या डोक्याला मागून लाल आहे, दुसऱ्याला लाल काहीच नाही. मित्र म्हणतो दोन जाती आहेत, मी म्हणतो नर-मादी. पैज लागलीय, निकाल द्या.
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर: पैज तू जिंकलास, चहा वसूल कर. हा मराठा सुतार. काही पुस्तकांत पिवळ्या कपाळाचा सुतार असंही लिहितात, पक्षी तोच. १८०१ मध्ये लॅथम या इंग्रज पक्षीअभ्यासकानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नावातच 'महराटेन्सिस' टाकलं, कारण नमुना आपल्या मुलखातला होता. आणि खरंच, बाभळी, बोरी, कडुनिंब, बांधावरची एकटी झाडं, असा जो आपला कोरडा उघडा माळ आहे ना, तो त्याला दाट जंगलापेक्षा जास्त मानवतो, त्यामुळं मराठवाड्यात सुतार बघायचा म्हणून कुठं अभयारण्यातच जायला पाहिजे असं काही नाही.

आता नर-मादी. नराचं कपाळ पिवळं आणि मागचा माथा लाल. मादीचा सगळा माथा पिवळसर तपकिरी, लाल नाही. तुझ्या दुसऱ्या फोटोत पक्षी मान वर करून बसलाय त्यात मागचा लाल पट्टा स्वच्छ दिसतो, तो नर. पण एक गंमत बघ, त्याच फोटोत पोटाखाली दोन पायांच्या मधे लालसर डाग आहे, तो मात्र नर-मादी दोघांनाही असतो, त्यामुळं "लाल दिसलं म्हणजे नर" असं धरून चालू नको, लाल कुठं आहे ते बघ. मित्राचा घोळ तिथंच झाला असणार, कारण मादीच्या फोटोतही पोटावर लाल आहे.

याच्याशी गल्लत होते ती बुटक्या सुताराची. तो फारच लहान, साधारण १३ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही थोडा छोटा. मराठा सुतार १७-१८ सेंटीमीटरचा. पण झाडावर उंच बसलेल्या पक्ष्याचा आकार डोळ्याला फसवतो, म्हणून रंग बघावा: बुटक्याचा माथा तपकिरी, पिवळं काही नाही, पोटावर लाल डाग नाही, डोळा फिकट पांढुरका. नराच्या डोक्याच्या बाजूला बारीकशी लाल रेघ असते पण ती वाऱ्यानं पिसं हलली तरच दिसते, तिच्या मागं लागू नये. आणि तो बसतो कुठं ते बघ. मराठा सुतार खोडावर आणि जाड फांदीवर काम करतो, बुटका हा काडीएवढ्या बारीक फांद्यांवर, शेंड्याकडं, कधी खाली उलटा लटकून. कित्येकदा तो इतर छोट्या पक्ष्यांच्या टोळीत मिसळून फिरत असतो, त्यामुळं अशी टोळी झाडावरनं गेली की सगळ्यात शेवटी कोण मागं राहिलंय ते बघायची सवय लाव.

तुझ्या मित्रालाही विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरव, आवाज ऐकायला लाव. मराठा सुताराचा आवाज छोटा आणि चिरका, 'क्लिक' आणि मागं एक 'र्र्र्र'. ढोल, म्हणजे फांदीवर चोचीचे भराभर ठोके, तो वाजवतो पण हळू, त्यामुळं लांबून ऐकू येत नाही.

प्रश्न: आमची केशर आंब्याची बाग आहे. सोनेरी पाठीचा सुतार रोज येऊन खोडं ठोकतो, दोन झाडांना भोकं पाडलीत. शेजारी म्हणतात झाड वाळून जाईल, फटाके लावा. काय करावं म्हणता?
— एक बागायतदार, अंबाजोगाई

उत्तर: काका, फटाके लावू नका. आधी भोकाजवळ जाऊन बघा. खोडाच्या बुंध्याशी आणि भोकाखाली लाकडाचा भुसा पडलाय का, ओलसर, काळपट, दाणेदार? साल जिथं ठोकलीय तिथं नखानं दाबून बघा, पोकळ वाजतंय का? तसं असेल तर झाडात भिरूड आहे. भिरुडाची अळी आतनं खोड पोखरत जाते, वरून पान हिरवं दिसतं आणि एक दिवस अख्खी फांदी वाळते, आणि त्याचा दोष सुतारावर येतो कारण ठोकताना तोच दिसतो. सुतार तिथं आलाय कारण तिथं खायला आहे. ठोकत ठोकत तो कान लावल्यासारखा थांबतो, पोकळ जागा हेरतो आणि लांब चिकट जीभ आत घालून किडा ओढतो.

पण उगाच त्याला बागेचा डॉक्टर ठरवायचं नाही. सोनपाठी सुताराचं मुख्य खाणं मुंग्या, लाकडात राहणाऱ्या मुंग्या तर विशेष, आणि भिरुडाची प्रत्येक अळी तो काढेल या भरवशावर राहू नका. तुम्ही जे नेहमी करता, तारेनं अळी काढणं, भोक बुजवणं, ते करतच राहा. त्यानं दाखवलेली जागा तेवढी बघून घ्या, मेहनत वाचते.

दुसरी गोष्ट. सुतार घरटं करतो ते बहुतेक कुजलेल्या किंवा वाळलेल्या लाकडात, कारण धट्ट्याकट्ट्या लाकडात घर कोरणं त्यालाही परवडत नाही. बागेच्या कडेला एखादं वाळलेलं झाड किंवा मोठी वाळकी फांदी असेल आणि ती कुणाच्या अंगावर पडायची भीती नसेल तर ठेवा तशीच. सुतारानं सोडलेल्या भोकात नंतर पोपट येतो, भांगपाडी मैना येते, दयाळ येतो, पिंगळा येतो. पिंगळा आला तर उंदरांचाही थोडा बंदोबस्त होतो.

आणि तुमचा फोटो छान आहे, माथ्यावर पुढं काळं, त्यावर पांढरे ठिपके आणि मागं लाल तुरा, म्हणजे ती मादी. नराचं अख्खं डोकं लाल असतं, कपाळापासून.

प्रश्न: १५०-६०० ची लेन्स घेतली. हिमायत बागेत सोनपाठी सुतार मिळाला, पण ठोकतानाचे सगळे फोटो डोकं हललेले. अंग शार्प, डोकं धूर. स्टॅबिलायझेशन चालू होतं. शिवाय बाकीचे फोटोही दुपारनंतर मऊ यायलेत, लेन्स खराब निघाली का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: लेन्स खराब नाही, दुकानदाराशी भांडायच्या आधी हे वाचा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलला तर सांभाळतं, पक्षी हलला तर नाही. शटरचा वेग बसलेल्या सुताराला १/५०० सेकंद पुरतो, ठोकणाऱ्याला १/१६०० च्या खाली जाऊ नका, १/२००० मिळालं तर उत्तमच, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढतोय म्हणून घाबरू नका, दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेलं डोकं करता येत नाही. मिररलेस कॅमेरा असेल तर ठोकतानाचे फोटो मेकॅनिकल शटरवर काढा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावला की चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचलं जातं आणि तेवढ्या वेळात डोकं सरकतं, मग चोच वाकडी येते. असा एक फोटो याच वेळच्या टपालात आलाय, त्या वाचकाला वाटलं चोचीला दुखापत झालीय.

खरं सांगायचं तर ठोकतानाचा फोटो ओळखायला फारसा उपयोगी नसतो, डोकं खाली, गळा लपलेला. सुतार दोन-चार ठोके मारतो, मग डोकं मागं घेऊन बाजूला वळवतो, आजूबाजूला बघतो, कधी भोकात डोकावतो. तो जो थांबा आहे तो पकडा. बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो, लावायचा तो ठोके चालू असताना नाही, ठोके थांबले की. त्या क्षणी माथा दिसतो, डोळ्यात चमक येते, गळ्याचे ठिपके येतात, सगळं काम एका फ्रेममध्ये.

फोकस एकाच पॉइंटवर ठेवा. कॅमेऱ्याला अख्खा परिसर दिला तर तो बाभळीच्या काट्यांवर किंवा सालीच्या भेगांवर जाऊन बसतो, आणि सालीचा अप्रतिम शार्प फोटो येतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर चालवा, पण काड्यांच्या जाळीत तो भरकटतो हेही ध्यानात ठेवा.

दुपारचा मऊपणा म्हणजे आपलं ऊन. मार्चपासून पुढं, सकाळचे नऊ-साडेनऊ वाजून गेले की नांगरलेल्या रानावरून, डांबरी रस्त्यावरून हवा लहरायला लागते, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती लहर मोठी होऊन फोटोत उतरते. यावर सेटिंग नाही. सकाळी लवकर जा, झाडाजवळ जा, आणि लांबून सहाशेवर ओढायचा मोह टाळा. एसी गाडीतनं काढून लगेच उन्हात धरलेली लेन्सही थोडा वेळ असाच त्रास देते, पिशवीतच जरा गरम होऊ द्या.

उजेडाचं एक. सोनपाठी सुताराची पाठ भर उन्हात इतकी चमकते की पिवळा रंग जळून सपाट होतो, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा स्टॉप खाली घ्या. उलट उंच फांदीवर मागं पांढरं आभाळ असेल तर एक स्टॉप वर घ्या, नाहीतर पक्षी नुसता काळा येतो आणि मग आम्हाला विचारता हा कोणता.

जवळ जायचं म्हणाल तर सुताराच्या मागं झाडाभोवती फिरू नका. तुम्ही फिरलात की तोही खोडाच्या पलीकडं फिरतो, खोड कायम मधे ठेवतो, हा खेळ तुम्ही हरणार. जागेवर उभे राहा, तो वर सरकत सरकत कधीतरी बाजूला येतो, डोकं काढून बघतो. तो खालून वर चढतो आणि वर पोचला की उडून पुढच्या झाडाच्या खालच्या भागात जाऊन परत सुरू करतो. हे एकदा कळलं की पुढचं झाड कुठलं असेल त्याचा अंदाज घेऊन आधीच तिथं कॅमेरा लावून थांबता येतं. खालून वर जाणारी, लाटेसारखी उडी घेत उडणारी त्याची चाल नजरेत बसली की फोटो न काढताही लांबून सुतार ओळखू येतो.

प्रश्न: घरासमोर लॉनवर तुरेवाला, लांब चोचीचा पक्षी रोज येतो, घरात सगळे त्याला सुतारच म्हणतात. फोटो मोबाईलचा आहे, चालेल का?
— एक वाचक, वसमत

उत्तर: ताई, फोटो चालतो, नाव चालत नाही. हा हुदहुद. अख्ख्या महाराष्ट्रात तुरा आणि लांब चोच बघून याला सुतार म्हणतात, तुमच्या घरचे एकटे नाहीत. हुदहुदाची चोच बारीक आणि खाली वाकलेली, ती मातीत खुपसायची. सुताराची चोच सरळ आणि जाड, छिन्नीसारखी. हुदहुद जमिनीवर चालत चालत खातो, खोडाला चिकटून उभा चढत नाही, आणि त्याचा तुरा बसता-उठता पंख्यासारखा उघडतो. मोबाईलचा फोटो एवढ्यासाठी पुरतो.

प्रश्न: थंडीत पाझर तलावाच्या कडेला मुरमाड जागी एक पक्षी दिसला, रंग अगदी वाळल्या सालीचा. मुंग्या खात होता. जवळ गेल्यावर मान अशी वळवायला लागला की अंगावर काटाच आला. हा सुतार असं एकानं सांगितलं, पण तो झाडावर गेलाच नाही. खरं काय?
— एक शिक्षक, जालना

उत्तर: सर, सांगणाऱ्यानं बरोबर सांगितलं. ही मानमोडी, सुतारांच्याच कुळातली, पण सुतारकाम न करणारी. तिची शेपूट सुतारासारखी कडक नाही, त्यामुळं खोडावर टेकू देऊन ठोकत बसणं तिला जमत नाही, घर कोरत नाही, विणीच्या वेळी दुसऱ्याच्या भोकात राहते. आपल्याकडं ती उत्तरेकडून येते, साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. बोरी-बाभळीची झुडपं, मुरमाड माळ, पांदीच्या कडा, अशा जागी मुंग्यांची वारुळं शोधत फिरते.

मान वळवणं आणि सापासारखं फुसकारणं ही तिची भीती दाखवायची पद्धत, ढोलीत शत्रूनं तोंड घातलं तर तो बिचकून मागं सरतो. तुम्हालाही काटा आला म्हणजे तिचं काम झालं.

तिचा फोटो काढायचा असेल तर बसा. उभ्या माणसाला ती लगेच झुडपात शिरते, जमिनीवर बसलेल्या माणसाला बऱ्यापैकी सहन करते. खाली बसून, शक्यतो तिच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलात तर मागची माती पुसट होते आणि पक्षी उठून दिसतो. वरून काढलेल्या फोटोत पक्षी आणि मुरूम वेगळे करताच येत नाहीत. तुमच्या पहिल्या फोटोत तो कुठं आहे हे शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, पाठीवरची गडद पट्टी दिसली म्हणून सापडला.

प्रश्न: मांडवी रोडला सागाच्या जंगलात सोनपाठी सुतार दिसला पण जरा मोठा वाटला, चोच लांब, आणि मानेची मागची बाजू पांढरी. पिल्लू असेल का?
— एक वनप्रेमी, किनवट

उत्तर: भाऊ, पिल्लू नाही, जातच वेगळी, पांढऱ्या मानेचा सुतार. किनवट-माहूरकडं जंगल आहे म्हणून असा पक्षी मिळतो, आमच्या इकडच्या माळावर नाही. फोटोत मानेपासून पाठीवर उतरलेला पांढरा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी काळा रंग, मागून इंग्रजी व्ही सारखा आकार, हे त्याचं पक्कं लक्षण. सोनपाठी सुताराची मान मागून काळी असते. गळाही बघा: सोनपाठीचा गळा काळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. याचा गळा पांढरा आणि चोचीपासून मिशीसारख्या काळ्या रेघा.

माथा पिवळा आहे, म्हणजे तुमची मादी. नराचा माथा लाल. इथं मराठा सुताराशी घोटाळा करू नका, तिथं नराच्या डोक्यावरही पुढं पिवळं असतं. पाठ सोनेरी दिसली की मराठा सुताराचा प्रश्नच मिटला. चांगली नोंद आहे, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, टाकली नसेल तर टाका, फोटोसकट, जागा आणि तारीख नीट लिहून.

प्रश्न: मोबाईलमधल्या मर्लिन ॲपनं आमच्या सुताराला वेगळंच नाव दिलं, लाल पाठीचा कुठलातरी. आमच्या गावात तो असतो का? ॲपवर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर: मर्लिन चांगलं आहे, आम्हीही वापरतो, पण ते तुमच्या फोटोत जे दिसतं त्यावरून अंदाज करतं. तुमच्या फोटोत पक्षी संध्याकाळच्या तांबड्या उजेडात आहे, सगळी पाठच तांबूस झालीय, ॲप बिचारं काय करेल. तुम्ही ॲपमध्ये जागा आणि तारीख टाकलीय का ते आधी बघा, जागा न टाकता फोटो दिला तर ते कुठल्याही मुलखातलं नाव काढतं. भारतात सुतारांच्या ३० च्या आसपास जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच हिमालयात आणि ईशान्येला, काही फक्त सह्याद्रीच्या ओल्या जंगलात. हिंगोलीच्या शेतात सोनेरी पाठीचा सुतार दिसला तर आधी सोनपाठी धरायचा आणि तो नाही असं काही दिसतंय का ते तपासायचं.

तपासायची जागा म्हणजे शेपटीच्या वरचा कंबरेचा भाग. आपल्या सोनपाठीची कंबर काळी. पांढऱ्या मानेचा सुतार सोडला तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या सोनेरी सुतारांची कंबर लाल असते. बसलेल्या पक्ष्याचे पंख मिटलेले असतात त्यामुळं ती झाकली जाते, उडताना किंवा अंग साफ करताना दिसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत, तो हललेला, जो तुम्ही "खराब आहे, माफ करा" म्हणून पाठवला, त्यात पंख उघडलेत आणि कंबर काळी दिसतेय. सोनपाठीच आहे. तो फोटो डिलीट करू नका.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि गळ्याचे ठिपके जातात. हे सगळ्यांनाच.

प्रश्न: अंगणातल्या गुलमोहरात सुतारानं घर केलंय, पिल्लांचा आवाज येतो. फोटोग्राफर मंडळी विचारायला लागलीत, शिडी लावू का, आणि मोबाईलवर आवाज लावून बोलवू का. आम्ही काय सांगावं?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर: मावशी, सरळ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच पक्ष्यांच्या घरट्याला आणि अंड्यांना त्रास देणं येतं. शिडी लावून ढोलीत मोबाईल घालणं हे त्यातच बसतं. हे त्यांना ऐकवा, लगेच शिडी खाली येते.

आवाज लावणं तर त्याहून वाईट. मोबाईलवरचा आवाज ऐकून नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला, तो खाणं टाकून त्याला शोधत फिरतो, आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी. फोटो मिळतो, खोटं नाही, म्हणूनच लोक लावतात.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर घरातून, खिडकीतून, पडदा थोडा बाजूला करून बघा, आई-बाप रोज तुमच्या खिडकीला सरावलेले असतातच. ते चोचीत काय आणतात, कोण जास्त वेळा येतं, हे एका वहीत लिहिलंत तर फोटोपेक्षा जास्त कळेल. खिडकीतून मोबाईलवर व्हिडिओ काढायला हरकत नाही, फ्लॅश नको. बाहेरच्यांनी झाडाखाली घोळका केला आणि पक्षी चोचीत खाऊ घेऊन लांबच बसला, आत जाईना, तर समजायचं की माणसं फार जवळ आलीत. पिल्लं उडून गेल्यावर काय ते फोटोग्राफर बोलवा, रिकाम्या ढोलीचे.

प्रश्न: दिवसभर एवढं ठोकून सुताराचं डोकं दुखत कसं नाही? त्याच्या कवटीत स्पंज असतो असं वाचलं.
— एक वाचक, धाराशिव

उत्तर: स्पंजाची गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली, पण २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन जातींच्या सुतारांचे हायस्पीड व्हिडिओ तपासले तर उलटं निघालं, कवटी धक्का गिळत नाही, ती कडक राहते, हातोडीसारखी. तशीही कवटीनं धक्का गिळला असता तर ठोक्यातला जोरही गेला असता आणि त्यालाच दुप्पट ठोकावं लागलं असतं. वाचवतो तो मेंदूचा छोटा आकार, माणसाच्या मेंदूला जो झटका धोक्याचा तो एवढ्याशा मेंदूला सोसतो.

प्रश्न: उन्हाळ्यात भर दुपारी 'टुक टुक टुक' असा ठोकल्याचा आवाज येतो, दिसत मात्र काहीच नाही. सुतार कुठं लपतो? कॅमेरा घेऊन मान दुखून आली.
— एक वाचक, उदगीर

उत्तर: सुतार नाही, तांबट आहे. आवाज तोंडाचा आहे, ठोकायचा नाही, एकसारखा, एकाच सुरात, थांबतच नाही ना? सुताराचं ठोकणं असं घड्याळासारखं कधी येत नाही, ते मधेच थांबतं, जागा बदलतं. तांबट हिरवा आहे, पानांत बसतो, म्हणून दिसत नाही. शेंड्याकडची वाळकी, उघडी फांदी बघा, गाताना तो बऱ्याचदा तिथं बसतो आणि डोकं इकडंतिकडं वळवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. वड-पिंपळाला फळं आली की खाली उतरतो, फोटो तेव्हा काढा, मान दुखायची नाही.